रुमालाखाली

मार्केट यार्डात आता हळदीचा सौदा ओरडून होतो.
बाबगोंडा शेठ सांगतात, त्यांच्या वडिलांच्या काळी
भाव कुणाला ऐकूच यायचा नाही.
दोन हात, वर एक रुमाल,
आत बोटं बोटांना धरायची,
आणि चेहरे असे, जणू
म्हशीचं दूध आटल्याची गोष्ट चाललीय.

मी त्यांच्या पेढीवर अकरा वर्षं हिशेब बघते.
मिरजेची. आडनाव सतारमेकर.
शेठ नावानं हाक मारत नाहीत.
"ए सतारमेकर, ती बिलं कुठं मेलीत?"
अशी आमची भाषा.

त्या गुरुवारी पावणेचारला फोन आला.
आवाज शेठचाच.
वाक्याआधी घशात अडकणारी हळदीची धूळ,
'पाठव की'मधला लांबलेला की,
मागं वखारीत चाळण्याची घरघर,
सगळं.
इरोडचा माल अडकलाय, खातं बदललंय, मेल बघ.
मेल होता. मायना नेहमीचा,
'पेमेंट'वरचा अनुस्वार खायची शेठची खोडसुद्धा जागेवर.
एकवीस लाख चाळीस हजार.
"पाचच्या आत, बरं का."
मग जरा थांबून,
"शाहीन, जेवलीस का?"

मी जेवले नव्हते.
मी पैसे पाठवले.

सायबर ठाण्यातला फौजदार वयानं पोरगाच, पण शांत.
आवाज कुठून उचलला असेल ते त्यानं दाखवलं :
व्यापारी संघाच्या सभेतलं शेठचं भाषण, तीन मिनिटं,
पुतणीच्या लग्नाचं आवतण, ग्रुपवर.
मेल तर ते यंत्र महिनाभर वाचत बसलं होतं,
नव्या कारकुनासारखं, मान खाली घालून.
"अशा केसेसचं सध्या पेव फुटलंय, मॅडम."

तेव्हा शेठ पहिल्यांदा बोलले.
"पेव फुटत नसतं, साहेब. पेव आपण उघडतो."

रात्री अब्बांना सांगितलं.
ते तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत होते.
त्या दोऱ्याला जीव म्हणतात.
"त्या आवाजात जीव होता का?" त्यांनी विचारलं.
खोटं कशाला बोलू, होता.
शेठच्या आवाजापेक्षा थोडा जास्तच.
अकरा वर्षांत ज्यांनी कधी विचारलं नाही
ते जेवणाचं विचारतात,
तिथंच मला कळायला हवं होतं.
तिथंच तर मी फसले.

सहा लाख परत आले. बाकीचे कुठल्या देशात आहेत
ते फौजदारालाही माहीत नाही.
पुण्याहून एक माणूस येऊन नवी यंत्रणा बसवून गेला.
ती रात्रंदिवस पहारा देते.
माझी बोटं कळांवर किती वेगानं चालतात,
कुठल्या अक्षराला अडखळतात, तिला पाठ आहे.
आधी चोर माझं वाचत होता,
आता राखणदार वाचतो.
मी घरचा मेलसुद्धा जरा नीट बसून लिहिते.

शेठचा त्या यंत्रणेवर विश्वास नाही, पण पैसे भरलेत.
एका रविवारी ते मला हरिपूरला घेऊन गेले,
महापुरात बुजलेली पेवं दाखवायला.
नुसतं गवत होतं. एके ठिकाणी जमीन किंचित खचलेली.
"उघडलं की लगेच उतरायचं नसतं," म्हणाले,
"आतली हवा मारते. आधी दिवा सोडायचा.
दिवा टिकला तर माणूस."
आणि गाडीत बसेपर्यंत पुढं काहीच बोलले नाहीत.

तेव्हापासून मोठी रक्कम असली
की दोघांचे फोन गल्ल्यात, गल्ल्याला कुलूप.
शेठ टेबलावर रुमाल पसरतात,
खाली आधीच काही हळकुंडं ठेवलेली.
मी न बघता हात घालून मोजते.
आकडा आमच्यात ठरलेला, रोज वेगळा,
तोंडातून कधीच न निघणारा.
जुळला तर बटण दाबायचं.
पुण्याचा माणूस हसला होता. हसू दे.

परवा रुमालाखाली पाच हळकुंडं होती,
आणि भडंगाची एक पुडी.
ती मोजणीत धरायची का,
मी विचारलं नाही.