जकात

पंचवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय
त्याला या देशात पाय ठेवता येत नाही.
तरुणपण जपानातल्या चहामळ्यात गेलं,
म्हातारपणी व्हरमाँटला आला,
डेल्फीन गोडेटच्या सफरचंदांना.
हौदा तिच्या कमरेएवढा, पेटी उचलायला नको.

नवा का नाही मिळत, नातू विचारतो.
साठ वर्षांपूर्वी कोंबड्यांवरून भांडण झालं रे.
कोंबड्या केव्हाच शिजल्या,
ट्रकवरची जकात राहिली.

खिडकीतला माणूस म्हणाला,
फार लहान आहे बाई, रस्त्यावर धोका.
बाहेर त्याचाच पिकअप,
बॉनेट तिच्या छातीला लागलेलं.

तिनं पाना मागून घेतला,
नंबरप्लेट काढून दिली.
शेतात चालेल ना?
शेतात चालेल.

मग शेताशेतांतून, चार शेजाऱ्यांची फाटकं उघडत.
निघताना पेट्या सात होत्या,
बाजारात तीन उतरल्या.