एका टाकीचा अभ्यास

जानेवारीत चार स्केचपेन घेऊन टाइमटेबल केलं होतं.
थर्मोडायनॅमिक्सला जांभळा रंग.
खिडकीतल्या उन्हानं सगळ्यात आधी
जांभळाच उडवला.

नंदनवनातली तिसऱ्या मजल्यावरची खोली,
वर नुसती गच्ची, म्हणजे एप्रिलात तवाच.
मी, प्राजू नखाते, आणि एक सेकंडहँड कूलर,
ज्याचा आवाज ऐकून आई फोनवर विचारायची,
"गिरणीत बसून राहिली का व?"

दिवसभर मी अभ्यास करणारच असायची.
पेन्सिलींना टोक. वहीला समास.
सक्करदऱ्याच्या अभ्यासिकेत खुर्चीवर ओढणी टाकून
तर्री पोह्यांना चाळीस मिनिटं.
परत आल्यावर ओढणी माझ्यापेक्षा जास्त बसलेली.

मग एका दुपारी पंप कोरडा घरघरला.
वाळ्याच्या ताटीचा वास गेला, गरम वारा आला,
मान वर केली
तर अकरा पानं मागे पडली होती
आणि आठवतही होती.

तेव्हापासून एक टाकी, एक धडा.
नळ पहाटे पाच चाळीसला.
सहा बादल्या, तीन जिने,
चौथ्या बादलीला झोप जिन्यातच राहते.
पाणी आहे तोवर उठायचं नाही.
प्राजू म्हणाली, "बाप्पा! घड्याळ नाही का तुह्याकडे?"
आहे ना.
पण ते मी न भरताही चालतं.

फोन खाली टिपले काकूंकडे, तुरीच्या डाळीच्या डब्यात.
एकदा डाळीतच वाजला.
काकूंनी उचलला, आईशी अर्धा तास
कैरीच्या लोणच्यावर बोलल्या.
मला संध्याकाळी कळलं,
तोवर दोन टाक्या झाल्या होत्या.

रोज जमलं असं नाही.
एकवीस तारखेला लाइट गेली,
टाकी काठोकाठ, आणि मी
वही तोंडावर घेऊन झोपलेली.
एका सकाळी चारच बादल्या भरल्या
आणि टाकी लवकर संपली म्हणून उठले.
कोणाला फसवलं,
हे लिहायला टाइमटेबलात रकाना नव्हता.

बाष्पीभवनाचं पान आलं.
पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, असं एक वाक्य.
त्याखाली रेघ मारली नाही.
दंडाला लागतच होतं.

शेवटचा पेपर झाला.
दुसऱ्या दिवशी पाच चाळीसलाच जाग आली.
प्राजू भिवापूरला गेलेली, तिची गादी गुंडाळलेली.
सहा बादल्या चढवल्या. पंप लावला.
आणि काय करावं सुचेना.
दारामागचं टाइमटेबल काढलं, उलटवलं,
मागे कोरं होतं.
त्यावर काकूंची किराण्याची यादी लिहिली.
तुरीची डाळ
सगळ्यात वर.