पसंतीक्रम

सात रस्त्यावरच्या एजन्सीनं फॉर्म दिला —
देश : पसंतीक्रम एक, दोन, तीन.
सात रस्त्यावर बसून
तीनच विचारतो, म्हणजे माणूस दयाळू.
उद्या आणते, म्हटलं.
त्याचं पेनही चुकून पर्समध्ये आलं.

मस्कत मला पाठ आहे.
सहा वर्षं डायलिसिसचा वॉर्ड,
एक तारखेला पगार, शुक्रवारी कपडे.
तिथं कुठली नर्स म्हातारी होत नाही,
त्याआधी व्हिसा संपतो.
लिखिता माझ्यासाठी फोनमध्येच चालायला लागली.
पडली, तेव्हा स्क्रीनवर
आमच्या छताचा पंखा फिरत होता नुसता,
आणि रडणं कुठून तरी बाजूनं येत होतं.

आयर्लंडला जिन्सी गेली, माझी रूममेट.
पगार छान, भाडं त्याहून छान.
थंडीत चार वाजताच अंधार पडतो, म्हणते,
मग रात्रपाळी कुठून मोजायची सांग.

राहिलं जर्मनी.
क्लास टॉवेलच्या गोडाऊनवर, जिना लोखंडी,
एप्रिलमध्ये कठड्याला हात लावायचा नाही.
चौथ्या महिन्यात कळलं,
त्यांच्याकडे चमचा पुरुष, काटा बाई
आणि सुरी नपुंसक.
घरी सांगितलं तर विड्या वळता वळता
अम्मा इतकी हसली
की सुपातला तंबाखू सांडला.
मग खोकत बसली, बराच वेळ.

घरात तेलुगू, शाळेत मराठी,
शेजारी कानडी, सिव्हिलच्या बाकावर उर्दू.
दुखणं विचारायला चार भाषा फुकटात मिळाल्या :
एक्कड नोप्पी, कुठं दुखतंय,
एल्ली नोवु, कहाँ दुखता.
पाचवीला फी आहे, हप्त्यानं.
वो टूट एस वे?
मी त्या 'टूट'पाशी दरवेळी अडखळते.

अंबादास म्हणाला, तूट मला विचार.
तार तुटली की माग थांबतो.
वाकायचं, दोन्ही टोकं शोधायची,
थुंकी लावून पीळ द्यायचा.
चादर अंगावर घेणाऱ्याला गाठ लागत नाही.
आता त्याचा माग आठवड्यात तीनच दिवस चालतो,
आणि तुटलेलं नसतं काहीच.

त्याला कुठला देश घेईल,
लिखिताला कुठली शाळा,
अम्माच्या खोकल्याला तिथं काय म्हणतात,
असे रकाने फॉर्मवर नाहीत.
पासपोर्ट नंबरला मात्र दोनदा जागा.

साडेदहाला कल्लव्वा आली, बीपी बघायला.
गल्लीतली सगळी दिवे बंद व्हायच्या वेळेलाच येतात,
दिवसा म्हणे आजारी दिसतं माणूस.
दंडाला पट्टा गुंडाळला,
हवा भरेपर्यंत दोघी गप्प.
एकशे साठ. मी एकशे पन्नास सांगितलं,
मीठ कमी कर म्हटलं, शेंगाचटणी तर नकोच.
ती फॉर्मकडे बघत होती.
जा, म्हणाली. मशीन तेवढं ठेवून जा.
आणि पोरीला शिकव.

ती गेल्यावर
लिखितानं माझ्या दंडाला पट्टा बांधून बघितला,
उलटा.

दुसऱ्या दिवशी फॉर्म दिला.
एकला जर्मनी. दोनला आयर्लंड, जिन्सीसाठी.
तीन रिकामा चालत नाही, तो म्हणाला,
सिस्टिम घेत नाही.
मग तुम्हीच भरा, म्हटलं.
त्यानं ड्रॉवरमध्ये पेन शोधलं, टेबलाखाली शोधलं.
मी पर्समधून काढून दिलं.
क्षणभरही न थांबता त्यानं कुवेत लिहिलं,
वळणदार अक्षरात,
जसं कधीपासून लिहायचं राहिलं होतं.