साठ अंश

वाटीवर पान छापलंय, कोवळं, हिरवं.
खाली लिहिलंय: मातीत मिसळते.
मी ते मनावर घेतलं.

मनावर घ्यायची सवयच आहे मला.
एकतीस वर्षं वीज मंडळात मीटरचे आकडे नोंदवले,
छापलेलं ते खरं, असं मानून पगार घेतला.

तर नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी,
प्रमिला परातेकडून आलेल्या पाटवडी-रश्श्याची ती वाटी
धुऊन गच्चीवरच्या निळ्या ड्रमात पुरली.
वर संत्र्याच्या साली, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा.
कॅलेंडरवर फुली मारली.

डिसेंबरात साली काळ्या पडल्या.
संक्रांतीला मेथी गेली, नावासकट.
होळीपर्यंत एक जुनं सुती फडकंसुद्धा
धागा धागा होऊन उठून गेलं.
वाटी बसून होती.
पाहुण्यांत एखादा असतो ना तसा,
पंगत उठते, सतरंज्या गुंडाळतात, दिवे मालवतात,
तो आपला बसलेला,
चपलेची आठवण नसल्यासारखा.

म्हटलं, मे येऊ दे.
मे महिन्यावर आम्हा नागपूरकरांचा फार भरवसा.
सत्तेचाळीसला रस्त्याचं डांबर पायाला धरतं,
टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही.
अशा उन्हात लोखंड नरमेल,
ही तर मक्याची लेक.

ड्रमात थर्मामीटर खुपसला.
एक्कावन्न.
आत वाफ, अळ्या, आंबूस गोड वास,
आणि वाटी.
जराशी वाकलेली, कंबर धरल्यासारखी.
पान अजून हिरवं.

भाचीनं शोधून फोनवर सांगितलं:
मावशी, तिला साठ अंश लागतात,
सलग, आठवडेच्या आठवडे,
ओल राखून, ढीग उलथत.
घरच्या ड्रमाचं काम नाही ते, कारखानाच लागतो.
असा कारखाना आपल्याकडे कुठं आहे, विचारलं.
थांब, बघते, म्हणाली.
अजून बघतेय.

सकाळी घंटागाडी आली.
"ओला का सुका?" धनपालनं विचारलं.
मी वाटी पुढे केली.
त्यानं उलटीसुलटी केली, नखानं टोकरली.
"हे ओल्यात काऊन टाकू? प्लास्टिक होय हे."
प्लास्टिक नाही रे, म्हटलं.
"मंग सुक्यात टाकतो. पण तिथली बाई बाजूले काढन,
तिले हे विकता येत नाई.
भंगारवाला घेत नाई, गाय खात नाई,
कोणाचंच नाई हे, बाप्पा."
आणि वाटी परत माझ्या हातात दिली, जपून,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्र देतात तशी.

ती घेऊन परातेंच्या दारात गेले.
प्रमिला कढईवर वाकलेली, डोळ्यांत मिरचीचा धूर.
"एकेका वाटीले चार रुपये जास्त मोजून राह्यली मी.
काऊन, तं बरं वाटते.
इकणाऱ्या पोरानं पान दाखवलं. मले पान पटलं."

मला पुढे बोलता येईना.
दोघी बाया, एकाच छापील पानाला भाळलेल्या.
तिनं वाटी पदरानं पुसली,
पाहिलं न पाहिल्यासारखं केलं,
आणि शेगडीजवळ ठेवली, खड्याचं मीठ भरून.

आता मी स्टीलचा डबा नेते.
दोनदा विसरले.
दोन वाट्या घरी आल्या.

एकीत मिरचीचं रोप लावायचं ठरवलं,
ड्रमातलं खत घालून. खत मात्र सुरेख झालंय,
काळं, भुसभुशीत, मुठीत धरावंसं.
वाटीच्या बुडाला भोक पडेना.
सुरी वाकली. खिळा निसटला.
शेवटी गॅसवर सळई धरली, लाल होईस्तोवर.

तेव्हा कुठं विरघळली.
भोकापुरती.