मारुतीला किती

माझं काम मीटर वाचायचं.
नाशिकरोड ते एकलहरे, दिवसाला दीडशे घरं,
जिन्याखालचा अंधार, कोळिष्टकं, कुणाचं तरी कुत्रं
आणि काचेआडचा आकडा.
आकड्याला मत नसतं, असं मी धरून चाललो होतो.

दगू गांगुर्ड्यांकडे मात्र बसावं लागतं.
ते आधी चहा देतात, मग वही.
तीस वर्षं टिपलरवर होते, कोळशाच्या वॅगनी उलट्या करायला.
शर्टाच्या शिवणीत अजून काळं निघतं म्हणतात.
बायको गेली,
दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची राहिली नाही.

वहीत डावीकडे नदी.
दुतोंड्याच्या गुडघ्याला. कमरेला. परत कमरेला. छातीला.
एका ऑगस्टात नुसतं : दिसत नाही.
तिथं शाई फुटलीय.
क्युसेक वगैरे दुसऱ्या दिवशी पेपरात,
त्याआधी अख्खं नाशिक एकमेकांना एवढंच विचारतं,
मारुतीला किती?

उजवीकडे थंडी.
निफाडचा मेहुणा पहाटे फोनवर पारा सांगायचा,
द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्या असतील
तर आकड्याखाली रेघ.
जुन्या पानांवर डिसेंबर रेघांनी भरलेला.
मग रेघा विरळ, मग भलत्याच महिन्यात,
लग्नाला वेळ चुकून आलेल्या पाहुण्यासारखी एखादी.
एका मार्चात रेघ नाही, पारा नाही,
फक्त : गारा. घड गेले. फोन लवकर ठेवला.

हे दाखवणार कुणाला, मी विचारलं.
ते चिमणीकडे बघत बसले.
भर उन्हात तिच्यातून धूर निघतोय की नाही, नीट कळत नाही.
मग म्हणाले,
“मी किती वॅगनी उलटवल्या त्याचं रजिस्टर कंपनीकडं आहे.
ही त्याचीच पुढची पानं असतील.
मला काय माहीत. मी आपलं लिहितो.”

गच्चीवर मोठी मुलगी, हर्षाली, ड्रिल घेऊन.
सहा पॅनेल बसवली तिनं, शेजाऱ्यांची नऊ.
बापाच्या कारखान्याची राख आता पॅनेलवर बसते,
युनिट घटतात,
म्हणून दगूभाऊ रोज सकाळी शिडी चढतात
आणि ड्युटीवरचा जुना निळा शर्ट फाडून केलेल्या फडक्यानं
काच पुसतात,
कोपऱ्यापासून, सावकाश,
एखाद्याचं तोंड पुसावं तशी.

नव्या मीटरला दोन आकडे.
घेतलेले. दिलेले.
माझ्या जुन्या फॉर्मवर रकाना एकच.
मी पेन धरून उभा.
“दिलेले किती?” त्यांनी विचारलं. एकशे बारा.
वही उघडली. डावीकडे नदी, उजवीकडे थंडी,
जागा कुठंच नव्हती.
त्यांनी वही आडवी धरली
आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, एकशे बारा लिहिले.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं. खोडलं. पुन्हा काढलं.

संध्याकाळी मी दारणेच्या पुलावर होतो, फोन आला.
गंगापूरचं पाणी सोडलंय, ते म्हणाले,
गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही, शहराकडं चाललाच आहेस
तर घाटावर बघून सांग.

घाटावर माणसं, छत्र्या, भेळवाला गाडी मागे ओढतोय.
रामसेतू बुडालेला.
मी लिहायला काही नेलं नव्हतं.
फोनवर सांगितलं,
कमरेला.
पलीकडून पान उलटल्याचा आवाज.
“थांब,” ते म्हणाले, “ठेवू नकोस.
वर चढतंय का ते बघ.”