हातचा

निंभोऱ्याच्या स्टेशनामागे आमची दोन खोल्यांची शाळा,
खिडकीतून दिसायच्या केळी भरलेल्या वॅगनी.
तिसरीला मी बेरीज शिकवायचो.
आठ न् सात पंधरा, पाच खाली, हातचा एक.
"सर, हातचा म्हणजे हातात कुठे असतो?"
सायबू तडवीच्या हुरमतने विचारलं होतं,
दोन्ही तळवे उघडून, रिकामे दाखवून.
मी म्हणालो, तो पुढच्या घरात जातो.

आणि गेलेच.
भारंब्यांचा हेमू पुण्याला, झोप्यांची दोन्ही मुलं सुरतेला,
फेगड्यांची सुवर्णा दुबईत कुणाचे तरी हिशेब लिहिते.
आमच्याकडे केळी हिरवीच कापतात,
पिकतात दिल्लीकडच्या बंद खोलीत.
रंग तिथे चढतो, भावही तिथेच.

जळगावच्या सभेत एका साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला:
शाळेचं एक वर्ष वाढलं की माणसाची मिळकत वाढते,
माणसांची वाढली की देशाची.
खरं असेल. रेष वर जात होती.
मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, कोणाच्या घरात?
आणि चहा आला म्हणून वही मिटली.

हुरमत राहिली. दहावीला इंग्रजीत दोनदा अडकली,
मग पॅकिंगच्या शेडमध्ये फण्या धुवायला लागली.
केळीचा चीक. एकदा लागला की जात नाही,
लुगड्यावरून नाही, नखांतूनही नाही.
खोक्यामागे मजुरी, शनिवारी हिशेब,
मुकादमाची वही आणि एकोणीस बायांचे अंगठे.

एका शनिवारी तिने अंगठा उचलला नाही.
शेहेचाळीस न् अडतीस,
खाली लिहिलं होतं चौऱ्याहत्तर.
पुन्हा केली. मग शेजारणीची केली,
मग ओळीने सगळ्यांची, मागच्या पानांवरचीही.
शेडमध्ये नळ चालू राहिला, कुणी बंद केला नाही.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं:
वाण्याने दोन डबे तेल जास्त मागवलं,
रुबाबबाईने शिलाई मशीन घेतलं, जुनंच, पण पायाचं,
तिची धाकटी आता सायकलवर सावद्याला जाते, आठवीत.
साहेबांच्या आलेखात हे कुठे बसेल, मला सांगता येत नाही.

काल हुरमत घरी आली.
चिकाने काळा झालेला तळवा पुढे केला. "सर, सापडला."
मी हसलो. ती नाही हसली.
"आता टक्केवारी शिकवा,
मुकादमाने बेरीज सोडलीय, कपात टक्क्यांनी लावतो."

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
घरात खडू कुठे असेल, शोधतोय.