नावातलं शून्य

तार्तूत पहाटेचे तीन. उणे एकोणीस.
एमायगी नदी गोठून पडलेली,
आणि हेल्वेच्या पडद्यावर तसाच गोठलेला आकडा:
ब्लॉक एक कोटी ऐंशी लाख चार हजार बारा.
साखळी धावतेच आहे, दर बारा सेकंदांनी नवी कडी,
थांबली आहे ती फक्त तिची वही.

लॉग म्हणतो: अवैध मूल्य.
सात वेळा सुरू केला, सात वेळा पडला,
झिंगलेल्यासारखा, त्याच पायरीवर.

"गाळून टाक ना तो ब्लॉक," फोनवर उर्मो.
त्यात दोनशे अकरा व्यवहार.
कुणाचं भाडं, कुणाचा पगार, कुणाची मूर्ख पैज,
यातलं काहीच झालं नाही असं आपण सांगायचं?
"नको," ती म्हणते, आणि कॉफी निवू देते.

मग एकेक बाइट सोलत जाते.
एका टोकनचं नाव.
कुणीतरी चार अक्षरं लिहून
उरलेली जागा शून्यांनी भरली,
पोत्यात भुसा कोंबावा तशी.
हे शून्य आकडा नव्हे, मोकळी जागाही नव्हे.
डोळ्यांना दिसत नाही,
आणि डेटाबेस त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही.
दशांश स्थळं? दोनशे पंचावन्न.
इतक्या बारीक तुकड्यांत कोण कुणाला काय वाटणार होतं?

चूक सापडली. पण साखळीला खोडरबर नसतो.

तिला वडील आठवले.
अभिलेखागारात एकतीस वर्षं, चर्चच्या जन्मनोंदी.
जर्मन पाद्र्याने शेतमजुरांची नावं
कानावर पडली तशी उतरवलेली,
एकाच बाईची तीन नावं, तीन बाळंतपणांत.
त्यांनी पानाला कधी पेन लावलं नाही.
बाजूला चिठ्ठी, शिसपेन्सिलीने:
'पुस्तकात असं आहे. आम्ही असं वाचतो.'

दोन रकाने, एवढंच.
एकात जसंच्या तसं, शून्यांसकट, कच्चं.
दुसऱ्यात वाचता येईल तेवढं.
आणि वाचताच येत नाही तिथे कोरं. अंदाज नको.

चौदा ओळी. चाचणी. एक स्वल्पविराम राहिलेला. पुन्हा चाचणी.
पाच चाळीसला आकडा हलला,
तेरा,
चौदा,
मग मोजता येईनात इतके.

तिने मागे जाऊन ते टोकन उघडून पाहिलं.
भुसा झटकल्यावर नाव निघालं: लुमी.
म्हणजे बर्फ.
धारक: एक.
हस्तांतरणं: एकही नाही.